भिंतीआडचं टोक

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन तिसरा दिवस. लगनसराई ऐन भरात असताना मी स्टुडिओत माश्या मारत बसलो होतो, कारण त्या दिवशीची हळद नवरीकडे सुतक आल्यामुळे पुढे गेली होती. तालुक्याच्या गावातला फोटोवाला म्हणजे लग्न, साखरपुडा, जावळ, पासपोर्ट साइझ आणि वर्षातून पाच-सात वेळा पंचनामा. अपघात, जळालेलं खळं, विहिरीत पडलेली गाय. तलाठी आप्पांचा नाहीतर पोलीस पाटलांचा फोन आला की कॅमेरा उचलायचा. हे काम मात्र कोणी आपल्या कार्डावर छापत नाही.

विजेचे फोटो हा माझा फुकटचा नाद. त्यात पैसा नाही, घरच्यांची बोलणी तेवढी भरपूर. साक्री-निजामपूरच्या पट्ट्यात हा नाद करायला वर्षातून दहा-बारा संध्याकाळी मिळतात, त्यातल्या बहुतेक मे आणि जूनच्या सुरुवातीच्या. एकदा पाऊस लागला की आभाळ नुसतं राखाडी होऊन जातं.

त्या दिवशी पारा ४२ च्या पुढे होता. साडेचारच्या सुमारास उत्तरेला, छडवेलच्या अंगाला, ढगाचा एक कोंब वर आला आणि बघता बघता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगला. सहाला त्याचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरायला लागला. ऐरण दिसली की मी शटर ओढतो, कॅमेऱ्याचं नाही, दुकानाचं. भाच्याला म्हटलं, चल. तो गाडी काढेपर्यंत मी ट्रायपॉड, रिमोट आणि बॅटऱ्या घेतल्या. आमची गाडी म्हणजे जुनी मारुती व्हॅन, मागच्या सीट काढून सामानाला केलेली. तिचा पत्राच त्या नादात माझा विमा.

जायचं कुठे हे ठरलेलं होतं. भिंतीपाशी.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. साक्री, धुळे, नंदुरबार या टापूत माळरानावर मध्येच काळ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत. बुटक्या टेकडीच्या कण्यावरून दोन-तीन मजली घराएवढी उंच, पूर्व-पश्चिम पळणारी, नजर पोचेपर्यंत. लहानपणी आम्हाला वाटायचं, कोण्या राजाने बांधायला घेतली आणि पैसे संपले. ती बांधलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांमागे दख्खनचा लाव्हा उफाळला तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून शिलारस वर आला आणि तिथेच थिजला. भोवतालचा नरम खडक झिजून गेला, भेगेतला कठीण दगड उरला. पुस्तकात तिला भित्ती म्हणतात, इंग्रजी शिकलेले डाईक म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर दगडाचे पैलूदार खांब आडवे पडलेले दिसतात, कोणी जळणाची लाकडं नीट रचून ठेवावीत तसे. थिजताना दोन्ही बाजूंच्या गार खडकाकडून आत आत गार होत गेल्यामुळे ते तडे आडवे पडले.

आमच्या या भिंतीला मधोमध एक खिंडार आहे. ते निसर्गाने पाडलेलं नाही. एका खडी क्रशरने दोन वर्षांत तेवढी भिंत रस्त्यांखाली घातली आणि मग काम बंद पडलं. त्या खिंडारातून आता गुरं-मेंढरं ये-जा करतात.

पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. व्हॅन भिंतीच्या दक्षिणेला, तीनशे-चारशे पावलांवर मोकळ्या पडीक रानात लावली. आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. वरून काय दिसतं ते पाहू म्हणून भिंतीवर चढलो. भर मे महिन्यात, ढग गुरगुरत असताना, गावातल्या सगळ्यात उंच दगडावर. पलीकडे पवनचक्क्यांची रांग, त्यामागे ढगाचा जांभळा पडदा. मोह झालाच.

खालून हाक आली. "भाऊ, खाले उतर. आठे नको थांबू."

एक ठेलारी मेंढपाळ आबा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पुढे साठ-सत्तर मेंढ्या. मी उतरलो. खिशातला फोन काढून त्यांना दामिनी अ‍ॅप दाखवलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ते अ‍ॅप आपल्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते सांगतं. आतलं वर्तुळ भरायला लागलं होतं. म्हटलं, "आबा, वीज येतेय, गाडीत बसा आमच्याबरोबर."

आबा गाडीकडे बघून हसले. "अन् मेंढ्या कोठे लई जाऊ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, भिंतीपलीकडे नाल्याच्या काठाला उतरला होता. शीळ घालत ते खिंडारातून पलीकडे गेले. शेवटची मेंढी दिसेनाशी झाली तेव्हा सात वाजायला आले असतील. सूर्य डावीकडे टेकला होता आणि ढगाच्या बुडाशी नारिंगी पट्टी उरली होती.

मग माझं काम सुरू झालं. ट्रायपॉड व्हॅनच्या दाराशी हाताच्या अंतरावर रोवला, त्याला खाली दगडांची पिशवी लटकवली, कारण वादळाच्या आधीचा वारा स्टँड आडवा करतो. आम्ही दोघं आत, काचा वर, हातात वायरलेस रिमोट. फोकसला माझी एक युक्ती आहे. अंधारायला लागलं की पवनचक्कीच्या टोकावरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून घ्यायचा, तो बारीक टिंबाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची आणि मग ऑटोफोकस बंद. लाँग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे पुसायची सोय, तीही बंद. ती चालू असली की आठ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी आठ सेकंद स्वतःशीच बसून राहतो, आणि वीज नेमकी तेव्हाच पडते.

नवशिके हमखास एका गोष्टीत फसतात, मीही दोन पावसाळे फसलो. त्यांना वाटतं, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की वीज जास्त उजळ येईल. तसं नसतं. वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जाते. ती फोटोत किती उजळ येणार हे ठरतं अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर, म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं आणि कॅमेरा उजेडाला किती हळवा यावर. शटरने ठरतं ते बाकीचं, म्हणजे आभाळ, भिंत, संधिप्रकाश. म्हणून संध्याकाळची वेळ सोन्याची. पूर्ण काळोखात नुसती रेघ मिळते, दिवसा वीज धुऊन जाते, आणि मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत दोन्ही एका फोटोत बसतात. मी आयएसओ १००, एफ/११ आणि २ सेकंदांवर सुरुवात केली. उजेड उतरत गेला तसा एफ/८ आणि ४ सेकंदांवर आलो. फोटोमागे फोटो, न थांबता. वीज दिसल्यावर बटण दाबणारा कायम उशिरा पोचतो.

पहिल्या साठ-सत्तर फोटोंत ढगाच्या पोटातला उजेड तेवढा. भाचा मोजत होता. चमकलं की एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला किलोमीटरभर यायला साधारण तीन सेकंद लागतात. पंधरा, बारा, नऊ. वाऱ्याबरोबर मातीचा वास आला, काचेवर चार टपोरे थेंब पडले आणि पुसलेही गेले.

मग ती आली.

आधी सगळं रान निळसर पांढरं झालं. वीज भिंतीच्या मागे उतरली. एक जाड मुळी, तिला डावीकडे तीन फाटे, आणि तीन-चार वेळा थरथर. एकाच वाटेने एकामागून एक झटके येतात, त्याची ती थरथर. भाच्याने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि पत्र्यावर कोणी घण घालावा तसा आवाज आला. म्हणजे एक किलोमीटरसुद्धा नाही. त्याने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "मामा, बस आता." कॅमेरा तसाच बाहेर राहिला आणि पुढच्या सरीत भिजला.

स्क्रीनवर पाहिलं. काळी भिंत, डावीकडे नारिंगी पट्टी, वर जांभळा ढग, मधोमध वीज. बारा वर्षांत असा फोटो आला नव्हता. एकच खुपत होतं. विजेचं खालचं टोक भिंतीआड गेलं होतं. जमिनीला ती कुठे भिडली ते दिसत नव्हतं. मी चक्क हळहळलो. भाच्याला म्हटलंसुद्धा, व्हॅन पन्नास पावलं उजवीकडे लावली असती तर खिंडारातून टोक मिळालं असतं.

रात्री फोटो चार ग्रुपांवर टाकला. दोन दिवसांनी तो 'लळिंग किल्ल्यावर कोसळलेली वीज' म्हणून माझ्याच फोनवर परत आला, ती वेगळी गंमत.

सकाळी साडेसातला तलाठी आप्पांचा फोन. "भाऊ, कॅमेरा घेऊन ये. मेंढ्या गेल्या आहेत वीज पडून. ती क्रशरची भिंत माहीत आहे ना, तिच्या पलीकडे."

नाल्याच्या काठाला एक बाभूळ. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हातभर रुंद साल सोललेली, आतलं लाकूड ओलं पांढरं. तिच्याखाली आणि आजूबाजूला ११ मेंढ्या. पोटं टम्म फुगलेली. मला फोटो काढायचे होते कानातल्या बिल्ल्यांचे, एकेका जनावराचे, मग सगळ्यांचा एकत्र, मग झाडाचा. सातव्या मेंढीपाशी गुडघ्यावर बसलो तर तिच्या तोंडात बाभळीची शेंग होती. अर्धी चावलेली, अर्धी दातांबाहेर. पशुवैद्यकीय डॉक्टर म्हणाले, ही वीज पडल्याची खूण, घास गिळायलाही वेळ मिळत नाही. त्यांनी समजावलं की झाडावर पडलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे करंट एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाने बाहेर पडतो. झाडाला टेकायचीही गरज नसते.

आबा बांधावर बसले होते. ते चाळीसेक पावलांवर होते, नुसते आडवे फेकले गेले. उजवा कान अजून वाजत होता. मला ओळखलं त्यांनी. मी काय बोलणार? म्हटलं, "आबा, कालची वीज माझ्याकडे आलीय." कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. उन्हात स्क्रीन दिसेना, तेव्हा त्यांनी घोंगडीचा आडोसा केला. बराच वेळ बघत राहिले.

"हाईच का ती?"

"हो."

"खालनं काही दिसत नई."

"भिंत आड येतेय, आबा."

त्यांनी मान हलवली आणि कॅमेरा परत दिला.

आप्पांनी मात्र फोटो पाहून कान टवकारले. वेळ कळते का यावर? कळते. लग्नात दोन कॅमेऱ्यांचे फोटो ओळीने लावता यावेत म्हणून माझं कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिळवलेलं असतं. ७ वाजून १७ मिनिटं. "मग याची एक कॉपी दे. असू दे फायलीत." मेंढीमागे ४,००० रुपये मिळतात, असं त्यांनी आबांना सांगितलं. तेवढ्या पैशांत मोठी मेंढी विकत येत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही.

दुपारी स्टुडिओत प्रिंटा काढल्या. अकरा मेंढ्यांच्या, बाभळीच्या आणि ती एक. ग्लॉसी कागदावर जांभळा फार सुंदर आला होता, हे माझ्या मनात आलंच. आप्पांनी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि फोटो एकत्र केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि वरून स्टेपलर मारला. माझी प्रिंट सगळ्यात वर होती. पिन नेमकी विजेच्या मुळीतून आरपार गेली.