जून 1987 ची कॅसेट डिजिटल करताना

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निवृत्त होताना मला कॅसेटींचा खोका दिला. त्यात ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडचा जून 1987 मधला, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ग्रीक थिएटरमधला कार्यक्रम होता. उंच स्टँडवर स्वतःचे माइक लावून त्याने तो प्रेक्षकांतून रेकॉर्ड केला होता, आणि तोही बँडच्या परवानगीने. 1984 च्या ऑक्टोबरपासून या बँडने टेपर मंडळींसाठी, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यांसाठी, साउंडबोर्डच्या (सगळ्या माइकांचे आवाज जिथे एकत्र होतात त्या यंत्राच्या) मागे वेगळी जागा आणि वेगळं तिकीट ठेवलं होतं. टेपा आपसांत वाटा, पण विकू नका, एवढीच अट. त्या देवाणघेवाणीमुळेच त्यांचे हजारो कार्यक्रम आज इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर फुकट ऐकता येतात.

पहिली अडचण कॅसेटच्या आतल्या फेल्टच्या पॅडची होती. फीत हेडवर दाबून धरणारा हा चिमुकला तुकडा जुना झाला की गळून पडतो. मी स्क्रूवाली रिकामी कॅसेट आणून दोन्ही रिळं तिच्यात बसवली. डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मग अझिमथ, म्हणजे हेडचा कोन. प्रत्येक डेकचा कोन किंचित वेगळा असतो. तो जुळला नाही तर झांजा कापसात गुंडाळल्यासारख्या वाजतात. दोन्ही चॅनल एकत्र करून हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवत राहायचं आणि आवाज सर्वांत उजळ झाला की थांबायचं. यात घाई करू नये. इथे हरवलेले वरचे सूर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत देत नाही. फितीची सळसळ कमी करणारी डॉल्बी पद्धत रेकॉर्ड करताना वापरली असेल तर वाजवतानाही लावावी लागते. कॅसेटच्या कार्डावर पेन्सिलीने ‘डॉल्बी नाही’ असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला. लिहून ठेवणाऱ्यांचे खरंच उपकार आहेत.

कॅसेट 24 बिट, 96 किलोहर्ट्झ अशा बारीक डिजिटल दर्जात उतरवून घेतल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या भागाच्या शेवटी सूर चढत जातो. रेकॉर्ड होताना डेकचे सेल उतरले की फीत हळू सरकते, आणि पुढे ती नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं वरच्या पट्टीत जातं. हे दुरुस्त करायला मला विजेची घरघर उपयोगी पडली. इथे अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या कंपनांच्या आलेखावर, दोन रेघा दिसल्या. एक नेमकी 60 वर, ती माझ्या घरातल्या विजेची. दुसरी हळूहळू 61 च्या पुढे सरकणारी, ती स्टेजवरच्या ॲम्प्लिफायरची. ही दुसरी रेघ 60 वर येईल तसा वेग टप्प्याटप्प्याने कमी केला. शेवटी तानपुरा लावून कानाने खात्री केली, कारण कानाला पटेपर्यंत माझं समाधान होत नाही.

मधे काही सेकंद कोरे होते. मिकी हार्ट आणि बिल क्रॉइट्झमन या बँडच्या दोन ड्रमवादकांचं तालवादन सुरू झालं की टेपर बाजू पलटायचे, तशी इथेही पलटली होती. याच हार्टबरोबर आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांनी 1976 मध्ये ‘दिगा’ आणि 1991 मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ हे अल्बम केले, त्यामुळे तो भाग तुटका सोडणं मला जड जात होतं. त्याच रात्रीच्या दुसऱ्या टेपरच्या प्रतीतून तेवढा तुकडा जोडला आणि कुठून कुठपर्यंत जोडला ते सोबतच्या टिपणात लिहिलं.

टाळ्या, शिट्ट्या, माइकजवळच्या माणसाचं ओरडणं, फितीची सळसळ, यांतलं काहीही मी काढलं नाही. थेट साउंडबोर्डवरून घेतलेली प्रत स्वच्छ असते खरी, पण डोंगरउतारावरच्या त्या उघड्या थिएटरात गिटारचा पहिला सूर ओळखून हजारो माणसं एकदम कशी उसळतात, ते फक्त प्रेक्षकांतल्या टेपमध्येच सापडतं. म्हणून आवाज साफ करण्याच्या फिल्टरला मी हातही लावला नाही.

फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फायली करून माइक, डेक, फीत, वेगातली दुरुस्ती हा सगळा प्रवास टिपणात नोंदवला आणि सहकाऱ्याला ऐकवून त्याच्या संमतीने आर्काइव्हवर चढवलं. खोक्यातल्या पुढच्या कॅसेटचंही पॅड गळालेलं आहे. तिच्यासाठी रिकामी कॅसेट मागवली आहे.