तिकिटाच्या आधी आईचा पासपोर्ट

लातूर-बीडकडून इकडं नोकरीला आलेल्या मित्रांचे फोन बहुतेक एकाच वेळी येतात. घरात बाळ येणार असतं, बाळंतपणाला आईला बोलवायचं ठरलेलं असतं, तिकिटाचे दर बघून झालेले असतात. मग विचारतात, "आईचा पासपोर्ट किती दिवसांत निघेल रे?" मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की कुठं जायचं ठरायच्या आधीच आई-वडिलांचा पासपोर्ट काढून ठेवा.

खरा वेळ जातो तो कागदांचा मेळ घालण्यात. आपल्याकडं साठी-सत्तरीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. टीसीवर १ जून, आधारवर १ जानेवारी, पॅनवर तिसरीच. आईचं तर नावही जागोजागी वेगळं. आधारवर शांताबाई, बँकेत शांता, रेशन कार्डावर मधे नवऱ्याचं नाव, मतदान कार्डावर ते नाहीच. गावात काही अडत नाही, तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला ओळखतात. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र 'बाई' आणि 'राव' एवढ्यावरूनही काम थांबू शकतं.

म्हणून सगळे कागद एकदा पलंगावर पसरा आणि कुठलं नाव, कुठली तारीख कायम ठेवायची ते घरात बसून ठरवा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर ती दुरुस्ती करू नका. आई शाळेत गेली नसेल तरी घाबरायचं कारण नाही. पॅन किंवा मतदान कार्डावर पूर्ण जन्मतारीख असेल तर ती चालते. जन्माचा दाखलाच हवा ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना आहे, म्हणजे नातवंडांना. दहावी नसली की पासपोर्टवर वेगळा शिक्का (ईसीआर, म्हणजे काही देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते असा) बसतो, ही भीतीही बऱ्याच घरांत असते. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही.

फी साधी आहे. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये. पण तत्काळचे पैसे भरले म्हणून न जुळणारी नावं जुळत नाहीत. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली, त्यामुळं मोठ्या शहराचे हेलपाटे पुष्कळ कमी झाले.

पोलिस तपासणीकडं मात्र नीट लक्ष द्या. आमचे आई-अण्णा निम्मं वर्ष औशाजवळ गावी असतात आणि निम्मं लातूरला भावाकडं. अशा घरांत अर्जात शहराचा पत्ता, आणि पोलिस येतात तेव्हा दोघं सोयाबीन काढायला रानात, असं हमखास होतं. दाराला कुलूप दिसलं की अहवाल अडतो. सुगीच्या तोंडावर अर्ज भरूच नका. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात, म्हणून तेव्हाही माणूस घरी लागतं.

पासपोर्ट हातात आला की मग व्हिसाचं घड्याळ सुरू होतं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक लागते, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो आणि दोन पानं कोरी लागतात. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण कधी पंचेचाळीसही लागतात. बाळ काही तेवढं थांबत नाही.

माझी आईही आधी म्हणायची, "मला कुठं जायचंय आता?" भावानं तिला समजावून पासपोर्ट काढून घेतला, तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. पुढं आमच्या मुलीच्या वेळी फक्त व्हिसाचं बघावं लागलं. इथं बाळंतपणानंतर दाई घरी येऊन बघून जाते, फार मायेनं सगळं करते. पण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला आई होती, माझ्या बायकोला डिंकाचे लाडू होते, आणि रात्री रडणाऱ्या लेकीला उचलायला आमच्याआधी ती उठायची.

मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो. अण्णांच्या पासपोर्टचं शेवटचं वर्ष लागलंय. सोयाबीन घरात आलं की त्यांचा अर्ज भरायचा, असं भावाशी बोलून ठेवलंय.