सोलापूरच्या शेडमधली सिंगल सीटर: चेसिस, वजन आणि इंजिनाचं काम कुठवर आलंय

आमची सिंगल सीटर, म्हणजे एकट्या ड्रायव्हरची रेसची गाडी, पुन्हा चार चाकांवर उभी आहे. चेसिस तपासून झाली, सस्पेन्शनचे सगळे रॉड एंड (दांड्यांच्या टोकाचे, आत गोळा असलेले जोड) बदलले, चारही कोपऱ्यांचं वजन जुळलं, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेल अडवणारा बॅफल बसला, ब्रेकची हवा काढून झाली. सीट बेल्ट आणि बंप स्टीअर (चाक वर-खाली होताना त्याची दिशा आपोआप बदलणं) राहिलंय, त्याबद्दल शेवटी लिहितो.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात गाडीची ओळख. मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं एफ८बी इंजिन, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं बसवलेलं. पाइपची चेसिस, वर फायबरची बॉडी. घराणं फॉर्म्युला मारुतीचं. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी बाजारात सहज मिळणारं हे इंजिन घेऊन सिंगल सीटर उभी केली आणि आपल्याकडच्या पोरांना फॉर्म्युला गाडीत बसायची वाट करून दिली. नारायण कार्तिकेयनची पहिली रेस श्रीपेरुंबुदूरला फॉर्म्युला मारुतीतच झाली. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, कोइमतूरचा ट्रॅक आज त्यांच्याच नावाने आहे. अशा जातीची गाडी आपल्या हातून चालू स्थितीत राहावी, यापलीकडे मला या कामातून काही नको आहे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण पिस्टन रिंगपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं अजून मिळतं. सोलापुरात तर बहुतेक गोष्टी त्याच दिवशी हातात येतात.

मिळत नाही तो ट्रॅक. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा आणि कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा, दोन्हीकडे जायचं तर ट्रेलर लावून राज्यं ओलांडायची. तिथे पोचल्यावर मागचं चाक तिरकं आहे असं कळलं, तर ती सगळी फेरी पाण्यात. म्हणून या खेपेला एक गोष्ट पक्की धरली: जे शेडमध्ये मोजता येतं, ते ट्रॅकवर शोधत बसायचं नाही.

सुरुवात चेसिसपासून केली. बॉडी, इंजिन, टाकी, सगळं उतरवून पाइप उघडे केले. रंगाखालची चीर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे जोडांवरचा रंग घासून काढला आणि डाय पेनेट्रंट मारलं. लाल द्रव आधी लावायचा, चिरेत मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे बॉयलरच्या पाइपांवर हीच तपासणी करणारे वेल्डर इथे आहेत. त्यातले एक दादा गळीत हंगाम संपल्यावर येऊन दोन संध्याकाळी बसले. मागच्या उजव्या खालच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या व्ही आकाराच्या दांडीचा) ब्रॅकेट जिथे पाइपला जोडलाय, तिथे नखाएवढी रेघ निघाली. त्यांनी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही, मग घासून आर्गन वेल्डिंगने भरलं आणि वरून पातळ पत्र्याचा गसेट, म्हणजे आधाराचा तुकडा, दिला. वेल्ड झाल्यावर त्याच जागी पुन्हा पेनेट्रंट. पांढरं स्वच्छ राहिलं तेव्हाच रंग लावला. रंगही मुद्दाम फिका, राखाडी. पुढच्या वेळी चीर पडली तर गंजाची रेघ लांबूनही दिसावी.

रॉड एंडबद्दल जरा सविस्तर, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर स्टीअरिंगकडचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो, बारा आणि सहाला धरलं तर विशबोनचा आणि बेरिंगचा. पण खरा प्ले कुठून येतोय ते बघायला दुसऱ्या माणसाने त्या जोडावर बोट ठेवायला हवं. बोटाला टिचकी लागते तोच जोड. आमच्याकडे हे काम अण्णा करतात. उभं आयुष्य यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून काढलंय. लूमचा आवाज ऐकून कुठला बुश गेलाय ते सांगणारा माणूस. मी चाक हलवत होतो, ते डोळे मिटून बोट फिरवत होते. "हा नाही रे. हा पण नाही. हा घे, हा मेलाय." काढून बघितला तर आतल्या गोळ्याभोवतीचं अस्तर एका बाजूने पूर्ण झिजलेलं.

नवीन रॉड एंड बसवताना डिस्टन्स पीस (जोडातली मधली जागा भरणारे तुकडे) सगळे नव्याने करून घेतले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत, त्यांना सँपल आणि माप दिलं की दोन शतांश मिलिमीटरच्या आत माल देतात. पीसला रॉड एंडच्या बाजूने निमुळता उतार हवा, नाहीतर सस्पेन्शन वर-खाली होताना गोळा अडतो आणि सगळा ताण बोल्टवर येतो. प्रत्येक चेक नट टॉर्कने आवळला की त्यावर आणि रॉडवर मिळून पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. ट्रॅकवरून आल्यावर रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. नायलॉक नट एकदा काढला की फेकला, त्यात काटकसर नाही.

आता वजन. चार कोपऱ्यांखाली चार काटे ठेवायचे, पण त्याआधी जमीन समतल हवी. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणून चारही चाकांच्या जागा एकमेकांशी ताडून बघितल्या. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या जागेत ९ मिलिमीटरचा फरक होता. काट्यांखाली सनमायकाचे तुकडे घालून तो भरला. काटे टॉवेलच्या एका कारखान्यातून दोन दिवसांसाठी आणले, सुताच्या गोण्या तोलायचे, चारही एकसारखे. प्रत्येकावर आधी एकच २० किलोचं वजन ठेवून चारही सारखं दाखवतात का ते पाहिलं. टायरखाली दोन पत्रे, मध्ये ग्रीस, म्हणजे गाडी खाली बसताना टायर बाहेर सरकतो आणि अडकून चुकीचा आकडा देत नाही. अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) सोडवून ठेवला. टायरची हवा सारखी केली. सीटवर माझ्या वजनाची ज्वारी: ५० किलोचं पोतं पाठीशी, १८ किलोचं पेडलच्या बाजूला. ज्वारी सीटच्या आकारात छान बसते आणि हलत नाही.

पहिले आकडे असे आले: पुढे डावं १०४, पुढे उजवं ८४, मागे डावं १४०, मागे उजवं १५६. एकूण ४८४ किलो. डावी बाजू २४४, उजवी २४०, म्हणजे बाजूंचा तोल चांगला. पण कर्ण बघा. पुढचं उजवं अधिक मागचं डावं २२४, एकूणच्या ४६.३ टक्के. अशी गाडी एका बाजूच्या वळणात नाक आत घेते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात सरळ जाऊ बघते. ड्रायव्हर मात्र टायरला दोष देत राहतो.

स्प्रिंगची बैठक फिरवून हे सुधारतं. एका कोपऱ्याची बैठक वर घेतली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या कर्णातल्या कोपऱ्यावर वजन वाढतं, उरलेल्या दोनवर कमी होतं. पुढचं-मागचं आणि डावं-उजवं यांची बेरीज मात्र बैठक फिरवून बदलत नाही. ती बदलायची तर बॅटरी किंवा टाकी हलवावी लागते. एकाच कोपऱ्याला खूप फिरवण्याऐवजी दोन कर्णकोपरे थोडे वर आणि दुसरे दोन थोडे खाली घेतले, म्हणजे गाडीची उंची तीच राहिली. दर वेळी गाडी दाबून, हलवून, बसू देऊन मगच आकडा घेतला. शेवटी पुढे ९५ आणि ९३, मागे १४९ आणि १४७. कर्ण बरोबर २४२, अर्धा. अण्णांनी आकडे वहीत लिहून घेतले आणि बैठकींवर मार्करने खुणा केल्या.

त्यानंतर चाकांची दिशा मोजायला दोरी. पुढे-मागे दोन चौकोनी पाइप, त्यांना सारख्या अंतरावर खाचा आणि दोन्ही बाजूंनी ताणलेलं पॉलिएस्टर सूत. दोऱ्या चाकांना नाही, चेसिसच्या मध्यरेषेला समांतर हव्यात, कारण डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं नसतं. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजलं. पुढे प्रत्येक चाकाला १ मिलिमीटर टो-आउट (चाकाची पुढची कड बाहेर), मागे दीड मिलिमीटर टो-इन (पुढची कड आत) ठेवलंय. कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाला, ओळंबा पुरतो: रिमच्या दोन कडांत ३५० मिलिमीटर अंतर असेल तर १ अंश म्हणजे वर-खाली सुमारे ६ मिलिमीटरचा फरक. पुढे २ अंश निगेटिव्ह (वरची कड आत), मागे दीड. सुरुवात म्हणून ठीक आहे. टायर कसे झिजतात ते बघून बदलेन.

इंजिनात यावेळी मोठं काही खोललं नाही. टायमिंग बेल्ट नवा, टॅपेट सेटिंग, प्लग. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला जवळपास सारखं, त्यामुळे हेड उचललं नाही. चेंबर मात्र उतरवलं. लांब वळणात तेल एका भिंतीवर चढतं, ऑइल पंपाची जाळी उघडी पडते आणि बेरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. रस्त्यावरच्या गाडीत हे कधी होत नाही, कारण तेवढा वेळ तेवढ्या वेगाने कोणी वळत नाही. जाळीभोवती पत्र्याची पेटी केली, दोन बाजूंना आतच उघडणाऱ्या झडपा लावल्या. तेल आत येतं, बाहेर पळत नाही. झडपेच्या बिजागरीची पिन दोन्हीकडून वेल्ड केली, कारण ती सुटली तर थेट जाळीवर जाणार.

सोलापूरच्या उन्हाचा एक उपयोग करून घेतला. भर मे महिन्यात दुपारी, बाहेर ४१ अंश असताना, रेडिएटरसमोर मोठा पंखा लावून इंजिन चालू ठेवलं. काटा ९२ वर थांबला आणि तिथेच राहिला. त्याआधी तो ११० कडे चढत होता. कारण रेडिएटर नव्हता, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात एका उंचवट्यावर हवा अडकायची. त्या उंचवट्यावर एक निपल जोडला, आता पाणी भरताना तिथून हवा सुटते. पाणी डिस्टिल्डच वापरतो, इथल्या बोअरच्या पाण्याने रेडिएटर खडूसारखा पांढरा होतो. ग्लायकॉलचं कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्याची चाकं निसटतात, म्हणून पाण्यात फक्त गंजरोधक.

जेटिंगबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट निवडण्याबद्दल, कोइमतूरच्या एका मित्राशी बोलणं झालं, ते इथे लिहितो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, कोइमतूर चारशेच्या आसपास. म्हणजे इथे जमवलेला जेट तिथे जवळपास चालून जातो. चेन्नईचा ट्रॅक मात्र किनाऱ्याजवळ. तिथे तापमान सारखं असेल तर हवा सुमारे ५ टक्के दाट आणि कार्ब्युरेटरमध्ये त्यामुळे मिश्रण साधारण अडीच टक्के पातळ होतं. दमट हवा त्यातलं थोडं परत करते. म्हणून चेन्नईसाठी एक पायरी मोठा जेट डबीत असू द्यावा आणि निर्णय प्लगचा रंग बघून घ्यावा. टायरचंही तसंच. सकाळी २५ अंशाला २२ पीएसआय भरली की दुपारी ४२ अंशाला, गाडी न चालवताच, ती २४ होते. आकड्यासोबत तापमान लिहिलं नाही तर तो आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४, नवी सीलबंद बाटली. कोरडं असताना याचा उत्कलनांक किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर तोच १५५ पर्यंत उतरतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली मी क्लचला सुद्धा वापरत नाही.

आता राहिलेलं. बेल्टवरच्या लेबलाप्रमाणे मुदत या डिसेंबरला संपतेय, त्यामुळे नवा सहा पट्ट्यांचा बेल्ट मागवला आहे. तो आल्यावर खांद्याच्या पट्ट्यांचा कोन आणि आयबोल्टच्या (पट्टे अडकवायच्या कडीच्या बोल्टच्या) मागची प्लेट दोन्ही बघायचं. बंप स्टीअरसाठी प्लायवुडचा तक्ता आणि दोन डायल गेज जमवलेत. स्प्रिंग काढून चाक २५ मिलिमीटर वर आणि तेवढंच खाली नेत टो किती बदलतो ते मोजणार, आणि लागलं तर स्टीअरिंग रॅकखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालणार. ज्यांच्याकडे याच जातीच्या गाड्या आहेत त्यांनी आपल्या रॅकची चेसिसपासूनची उंची आणि टाय रॉडची लांबी कळवली तर ताडून बघता येईल. माझी मापं पुढच्या नोंदीत देतो.