बेर्नाऊ, ब्लॅक फॉरेस्ट: एप्रिलात जाणार असाल तर फेल्डबेर्गकडून चढू नका

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं बेर्नाऊ म्हणजे एकच गाव नाही. ओबरलेहेन, इनरलेहेन, रिगेनबाख, होफ अशा वाड्या दरीभर विखुरल्या आहेत आणि बुकिंगवर सगळ्यांना नुसतं ‘बेर्नाऊ’ म्हणतात. वाडी कोणती ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आमच्या घरमालकिणीने ‘स्टॉपपासून पाच मिनिटं’ असं कळवलं होतं. ती गाडीने पाच मिनिटं निघाली.

रेल्वे इथवर येत नाही. फ्रायबुर्गहून झेब्रुगपर्यंत ट्रेन, तिथून सेंट ब्लाझिएनची बस, मग आणखी एक बस. रविवारी बस विरळ आणि दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच खाण्याचं सामान भरून ठेवा.

आता मुद्द्याचं. इथे चढायचा डोंगर म्हणजे हेर्त्सोगनहॉर्न, १४१५ मीटर. जो तो सांगतो, शेजारच्या फेल्डबेर्ग डोंगराच्या खिंडीतून जा, बस १२३१ मीटरवर सोडते, म्हणजे चढ जेमतेम दोनशे मीटर. आकडे बरोबर आहेत. पण डोंगराच्या उत्तर अंगाला मे उजाडेपर्यंत बर्फ असतो, हे कोणी बोलत नाही. वरून कडक पापुद्रा, आत भुसभुशीत. तीन पावलं धरतात आणि चौथ्याला मांडीपर्यंत आत. काठी मुठीपर्यंत रुतते, ती उपसावी तर दुसरा पाय जातो. बुटात पाणी, बोटं बधिर, पुढचा माणूस शिव्या घालतोय. एवढासा तुकडा, पण अख्खी सकाळ खाल्ली.

त्या दिवसांत सरळ बेर्नाऊ-होफहून क्रुंकेलबाखच्या हटवरून (डोंगरातली खानावळ) चढा. चढ दुपटीहून जास्त आहे, पण बाजू दक्षिणेची, बर्फ आधी वितळतो. निदान पाय कुठे पडतोय ते दिसतं. वर पोचल्यावर मात्र, हवा स्वच्छ असेल तर, आल्प्सची रांग अशी समोर येते की मी सगळ्यांना माफ केलं. अर्ध्या तासापुरतं.

ही हट किंवा होफमधली खानावळ उघडी असेलच असं धरू नका. आठवड्याची सुट्टी असते, ईस्टरनंतर काहीजण महिनाभरही बंद ठेवतात. रोख पैसे जवळ हवेत.

हान्स थोमा हा चित्रकार इथलाच, जन्म १८३९ चा. इनरलेहेनचं त्याचं संग्रहालय आणि ओबरलेहेनचं १७८९ चं लाकूडकाम करणाऱ्यांचं घर, दोन्ही बघण्यासारखी.

शेवटी बिलात माणशी, रात्रीगणिक कुरटॅक्से, म्हणजे पाहुण्यांवरचा कर, लागतो; ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात तो बहुधा नसतो. त्याच्या बदल्यात कोनुस कार्ड मिळतं, त्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट. आम्हाला ते निघायच्या आदल्या संध्याकाळी मिळालं, तोवर तिकिटं काढतच फिरलो. किल्ली घेतानाच मागा. घरमालकीण ‘उद्या देते’ म्हणाली तरी तिथून हलू नका.