आमची वाटचाल: एकवीस चिंचोके

बार्शीत एका किराणा दुकानाच्या माळ्यावर ११ विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पोलीस भरतीचा वर्ग सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणजे पत्नीच्या भिशीचे पैसे. लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यामुळे सूत्रे पाठ करून घेण्यावरच आमचा सारा भर असे. एखादा मुलगा रांगेत वरून ७ वा आणि खालून २६ वा असेल, तर एकूण मुले किती? बेरीज करून १ वजा करा, उत्तर ३२. तो मुलगा दोन्ही बाजूंनी मोजला गेल्यामुळे १ वजा होतो, हे कोणी विचारत नसे आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही सांगत नसू.

दुसऱ्या वर्षी उधारीवर ५०० सरावपुस्तिका छापल्या. त्यात एक प्रश्न होता: रांगेत सीमा डावीकडून १२ वी, रेखा उजवीकडून १५ वी आणि दोघींच्या मध्ये ४ मुली आहेत, तर रांगेत कमीत कमी किती मुली असतील? आम्ही १२, १५ आणि ४ यांची बेरीज करून उत्तर ३१ छापले होते. भूमहून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने डब्याच्या पिशवीतून चिंचोके काढून बाकावर ओळीने मांडले. डावीकडून बाराव्यावर तिने खडूची खूण केली, मध्ये ४ सोडून सातव्यावर दुसरी केली, आणि म्हणाली, “सर, रेखा सीमाच्या डावीकडेही उभी राहू शकते की. सातवीपासून उजवीकडे मोजा, १५ भरतात. एकूण २१च.” प्रश्नातला ‘कमीत कमी’ हा शब्द आम्हीच लिहिला होता आणि आम्हीच वाचला नव्हता.

विकल्या गेलेल्या प्रती परत मागवणे शक्य नव्हते. उरलेल्या ३४० प्रतींवर आम्ही दोघांनी रात्री बसून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यानंतर शिकवण्याची रीतच बदलली. आधी रांग काढायची, सूत्र मागाहून. हस्तांदोलनाच्या गणितातही १० जणांना फळ्यापाशी उभे करून प्रत्येकाला इतर प्रत्येकाशी एकदा प्रत्यक्ष हात मिळवायला लावतो; तेव्हा उत्तर ४५ का, आणि त्याच १० जणांनी एकमेकांना भेटकार्डे दिली तर ९० का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या संथपणामुळे त्या वर्षी ९ मुले ‘शॉर्ट ट्रिक’वाल्या वर्गात गेली, आणि त्या महिन्याचे भाडे थकले. आज आमच्याकडे दोन खोल्या आणि ८० विद्यार्थी आहेत. फळ्याखाली चिंचोक्यांचा डबा असतो. त्यातले चिंचोके मात्र दर तुकडीगणिक कमी होतात, बहुधा मधल्या सुट्टीत कोणीतरी भाजून खात असावे.