आमची वाटचाल : छोटा ट्रॅक्टर, पुढचा लोडर आणि सपाट जमीन

आमच्या फर्मचं काम एका ओळीत सांगता येतं. मोठं मशीन जिथे वळत नाही किंवा परवडत नाही, तिथली माती खोदायची, हलवायची आणि ठरलेल्या पातळीवर आणून द्यायची. सुरुवात ३५ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि पुढे ५ फुटी बकेटचा लोडर एवढ्यावर झाली. ट्रॅक्टर आजही त्याच ताकदीचा आहे. दरम्यान वाढली ती मागची अवजारं आणि मोजमापाची सामग्री, कारण या धंद्यात खर्च माती हलवण्याचा असतो, आणि तीच माती दुसऱ्यांदा हलवावी लागली की कामात काही उरत नाही.

पहिल्या टप्प्यात फक्त लोडर होता आणि मागणी मात्र खोदकामाची. लोडरची बकेट मुळात सुटी माती उचलण्यासाठी असते. दबलेल्या पडीक जमिनीत ती जोराने रेटली की पुढची चाकं अधांतरी होतात, मागची जागेवर फिरतात आणि बकेटची धार नुसती घसरत जाते. म्हणून कठीण जमीन आधी रिपरने किंवा कल्टिव्हेटरने ४ ते ६ इंच मोकळी करायची, दगड-मुळं वेचायची आणि मग बकेट लावायची. जमीन अगदी वाळून टणक झाली असेल तर पाणी द्यायचं आणि वाफसा येईपर्यंत थांबायचं. चिखलात घाई केली की माती चाकांना आणि बकेटला चिकटते, वर चाकोऱ्या पडतात त्या वेगळ्याच.

बकेट भरण्याची एक रीत आहे. तळ जमिनीला जवळपास समांतर, धार किंचित खाली, लो रेंजचा पहिला गिअर, आणि ढिगात सरळ शिरायचं. माती बकेटच्या मागच्या पत्र्याला टेकली की पुढे सरकत सरकत बकेट मागे वळवायची, उचलायची त्यानंतर. वेगाने धडक मारून बकेट भरणारा चालक पुढच्या ॲक्सलचे बुश आणि सील लवकर संपवतो. बकेटच्या कोपऱ्याने दगड उपटायला गेलं की सगळा जोर एका आर्मवर येऊन लोडरची चौकट पिळवटते, आणि पिळवटलेल्या लोडरने सरळ थर निघत नाही. मागे येताना बकेटने माती ओढायची असेल तर लिव्हर फ्लोटवर, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळी वरखाली होते त्या स्थितीत, टाकायचा आणि बकेट फार उभी करायची नाही. बकेट पूर्ण खाली वळवली की तिच्या सिलिंडरचे दांडे जवळपास पूर्ण बाहेर आलेले असतात. त्या अवस्थेत धार दगडाला अडली की दांडा वाकतो, आणि हा खर्च टाळण्याजोगा असतो.

जमिनीच्या पातळीखाली जायचं असेल तर उतरायला रस्ता लागतो. ४ फुटांना १ फूट उताराचा रॅम्प ठेवून दर फेरीला २-३ इंचांचा थर काढायचा. त्याहून उभ्या उतारावर भरलेली बकेट घेऊन वर येताना चाकं फिरू लागतात.

यानंतर आला मागच्या वजनाचा प्रश्न. नवीन लोडर घेणाऱ्याला आम्ही सगळ्यात आधी हेच विचारतो की मागे काय लावणार? ४०० किलो माती बकेटमध्ये असते तेव्हा ती पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेली असते. पुढचा ॲक्सल टेकू होतो आणि मागची चाकं हलकी पडतात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात, त्यामुळे मागची बाजू हलकी झाली की ब्रेकही तितकाच कमजोर होतो. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण टायर, पाणी भरता येतं. जिथे पाणी गोठतं तिथे त्यात गोठणरोधक द्रव मिसळावा लागतो. पण टायरमधल्या पाण्याने फक्त पकड वाढते, पुढच्या ॲक्सलवरचा भार हलका होत नाही. तो हलका करतं ते थ्री पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांवर), मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकणारं वजन. म्हणून आम्ही दोन्ही वापरतो.

भरलेली बकेट जमिनीपासून फूटभर उंचीवरूनच न्यायची. उतारावर ओझं नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना रिव्हर्समध्ये. फोर व्हील ड्राइव्ह गुंतलेला असला की ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. सुरक्षा कमान उभी आणि पट्टा लावलेला हवा, यात तडजोड नाही.

मागचं वजन म्हणून सिमेंटचा ठोकळा लावता येतो. आम्ही त्याऐवजी बॉक्स स्क्रेपर घेतला: दोन बाजू आणि पाठ बंद असलेली पोलादी पेटी, आत रिपरचे दात, खाली पुढे-मागे दोन धारा. वजन २५० किलोच्या आसपास. धंद्याला खरी कलाटणी याच अवजाराने दिली, कारण लोडर माती उचलतो पण जमीन सपाट होते ती पेटीने. सगळी खुबी टॉप लिंकमध्ये, म्हणजे त्या तीन दांड्यांतल्या वरच्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्यात आहे. टॉप लिंक आखूड केली की पेटी पुढे झुकते, दात आणि पुढची धार माती कापतात. लांब केली की पुढची धार वर येते आणि मागची धार माती पसरत, चोपडी करत जाते. एका वेळी फिरकीचे दोन-तीन आटेच बदलायचे आणि २०-३० फूट चालवून बघायचं. लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर हवी, म्हणजे पेटी ठरवलेल्या उंचीवरच राहते. ड्राफ्ट कंट्रोलवर ठेवली तर जमीन कठीण लागताच पेटी आपोआप वर येते आणि नेमका उंचवटा तसाच राहतो.

नवख्या हातून जमिनीवर लाटा उठतात. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलभोवती झुकतो आणि पेटी खाली जाऊन खड्डा पाडते. पुढच्या फेरीला चाकं त्याच खड्ड्यात उतरतात, पेटी वर येते, तिथे ढीग पडतो. एकाच दिशेने जितक्या फेऱ्या माराल तितक्या लाटा पक्क्या होतात. उपाय असा की दुसरी फेरी तिरकी मारायची, तिसरी तिच्या उलट तिरकी. वेग चालणाऱ्या माणसाइतका. आणि पेटी अर्धी तरी मातीने भरलेली ठेवायची. रिकामी पेटी फक्त खरवडते, भरलेली पेटी उंचावरची माती खळग्यात सोडत जाते.

आता मोजमाप, जिथे आमचा सर्वाधिक वेळ जातो. ६० बाय ४० फुटांचा तुकडा घ्या. दर १० फुटांवर खुंटी ठोकली तर ७ गुणिले ५, म्हणजे ३५ बिंदू होतात. प्रत्येकाची उंची घ्यायची. सरासरी काढताना कोपऱ्याचा बिंदू एकदा, कडेचा दोनदा आणि आतला चारदा धरायचा, कारण कोपऱ्याच्या वाट्याला एकच चौकट येते, कडेच्या वाट्याला दोन आणि आतल्या बिंदूच्या चार. सगळ्यांची सरळ सरासरी काढली की कडांना नको तितकं महत्त्व मिळतं आणि शेवटी माती उरते किंवा कमी पडते.

याच तुकड्यावर सरासरी ४ इंच माती काढायची असेल तर ८०० घनफूट, म्हणजे ८ ब्रास होते. जमिनीतून निघालेली माती फुगते. साधी माती पाव भागाने, चिकण माती त्याहून जास्त. म्हणजे प्रत्यक्षात १० ब्रास सुटी माती उचलायची आहे. आमच्या बकेटमध्ये शीग लावून १० घनफूट बसते, तेव्हा १०० बकेट. सुटी माती घनफुटाला सुमारे ४० किलो, म्हणजे बकेटमागे ४०० किलो. ओल्या चिकणमातीची तीच बकेट ५०० किलोच्या वर जाते, तेव्हा शीग न लावता भरायची.

भराव दाबला की माती मूळच्याही खाली बसते. १० घनफूट घट्ट माती खोदली तर सुटी १२-१३ होते आणि नीट दाबल्यावर ९ च्या आसपास उरते. म्हणून कटाई (उंच भागातून काढायची माती) भरावापेक्षा जास्त धरावी लागते. माती कमी पडतेय असं हिशेबात दिसलं तर ट्रकने आणण्याआधी ठरलेली पातळी थोडी खाली घेऊन बघतो. ६० बाय ४० मध्ये अर्धा इंच खाली आलं की १ ब्रास माती जागच्या जागी मिळते.

उंची घ्यायला आधी पाण्याची पारदर्शक नळी होती, आता फिरता लेझर आणि काठीवरचा रिसीव्हर आहे. नळी आजही कुणाला जुनाट वाटू नये. तिच्यात बुडबुडा नसेल आणि दोन्ही टोकं उघडी असतील तर ती अचूकच असते. सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहायचं. लेझरचा ट्रायपॉड ताज्या भरावावर उभा करायचा नाही, तो खचतो. भिंतीवर किंवा पक्क्या जोत्यावर एक कायमची खूण करून दर तासा-दोन तासांनी तिच्याशी ताळा घ्यायचा. ट्रॅक्टरने जमीन अर्ध्या-पाऊण इंचाच्या आत येते. त्याहून बारीक हवं असेल तर शेवटचा हात दाताळ्याचा.

दबाईचं सामान सगळ्यात उशिरा घेतलं. खरं तर ते लोडरबरोबरच असावं. ट्रॅक्टर फिरवला की माती दबते हा समज अर्धाच बरोबर आहे. दबतो तो चाकांखालचा पट्टा आणि वरचे काही इंच. भराव सुट्या मातीच्या ६ इंचांच्या थरांनी टाकायचा आणि प्रत्येक थर वेगळा दाबायचा. मुरूम किंवा वाळूसाठी प्लेट कॉम्पॅक्टर, चिकणमातीसाठी धुम्मस किंवा इंजिनवरचा रॅमर. मुठीत दाबून गोळा झाला आणि खाली टाकल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला की ओल योग्य. गोळाच झाला नाही तर पाणी मारा, चपटा झाला तर माती सुकू द्या. काळ्या चिकणमातीवर फरशी किंवा काँक्रीट येणार असेल तर आम्ही ती काढून मुरूम भरायला सांगतो. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचं काम उचकटतं.

बाग किंवा हिरवळ करायची असेल तर वरची ६ इंच सुपीक माती सर्वांत आधी काढून वेगळा ढीग लावायचा, शेवटी परत पसरायची, आणि ती दाबायची नाही.

सपाट जमीन म्हणजे आरशासारखी पातळी, असं ग्राहक धरून चालतो. अशा जमिनीवर पाणी साचतं. आम्ही हिरवळीला ५० फुटांना १ फूट उतार ठेवतो. इमारतीलगतच्या पहिल्या १० फुटांत ६ इंच, आणि तोही भिंतीपासून दूर जाणारा. पाणी शेवटी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय खुंट्या ठोकत नाही.

देखभालीत फार काही नाही, पण चुकवायचं नाही. लोडरच्या पिनांना दर ८-१० तासांनी ग्रीस, धुळीत रेडिएटरची जाळी आणि एअर फिल्टर रोज, लोडरच्या चौकटीचे बोल्ट वरचेवर आवळायचे. लिव्हर शेवटपर्यंत दाबून धरला आणि पंप किंचाळू लागला तर तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) फिरून तापत असतं, लिव्हर सोडा.

काही कामं आम्ही घेत नाही. बाजूंना आधार न देता ४ फुटांपेक्षा खोल चर, अखंड खडक, आणि जिथे माती १५० फुटांपलीकडे न्यायची आहे तिथे नुसता लोडर. त्यासाठी ट्रॉली हवी, नाहीतर डिझेल फेऱ्यांतच जळतं.

मोजायला येण्याआधी आम्हाला तीन गोष्टी लागतात. गाडलेल्या पाइपलाइन आणि केबलचा नकाशा किंवा निदान जमिनीवर चुन्याच्या खुणा, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट आम्ही हातानेच खोदतो. फाटकाची रुंदी, किमान साडेसहा फूट. आणि निघालेली माती कुठे टाकायची ती जागा, खोदकामाच्या काठापासून दोन फूट तरी लांब.