नाईलचा पूर आणि तीन इयत्ता

भारतातून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो: तीन मुलं, तिघांची वयं वेगळी आणि घरी शिकवणारी तू एकटी, हे जमतं कसं? फोनवर मी थोडक्यात आटोपते. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून ते इथे लिहिते आहे.

आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. नवऱ्याच्या कामामुळे चार वर्षांत तीन घरं बदलली आणि दर वेळी मुलांची शाळा अर्ध्यात सुटली. मधल्याचं वाचन त्या ओढाताणीत फार मागे पडलं. तिसऱ्यांदा सामान बांधताना आम्ही ठरवलं की मुलांना घरीच शिकवायचं. त्याला आता तीन वर्षं झाली. थोरली बारा वर्षांची आहे, मधला नऊ आणि धाकटी पाच.

होमस्कूलिंगचे नियम इथे राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये पालकांना सरकारला कळवावंही लागत नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र १९८८चा कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. मूल सहा वर्षांचं झालं की दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, प्रतिज्ञापत्र द्यायचं. शिकवणारा पालक किमान हायस्कूल उत्तीर्ण हवा. वर्षाला १८० दिवस शिकवायचं, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास. काय काय वाचलं याची नोंदवही ठेवायची, मुलांच्या कामाचे नमुने जपायचे. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित परीक्षा द्यावी लागते. वर्षअखेरीला इव्हॅल्युएटर, म्हणजे मूल्यमापन करणारे, मुलांशी बोलून, फाइल बघून दाखला देतात आणि तो ३० जूनच्या आत पोचवायचा असतो. विषयांची यादीही ठरलेली आहे, अगदी आगीपासून बचाव कसा करायचा इथपर्यंत.

पण प्रत्येक मुलाला वेगळं पुस्तक घ्या, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा मी थोरलीसाठी एका इयत्तेचा आणि मधल्यासाठी दुसऱ्या इयत्तेचा असे पुस्तकांचे पूर्ण संच मागवले. धाकटी दोन वर्षांची, मांडीवर. थोरलीचा ज्वालामुखी चालू असायचा तेव्हा मधल्याची झाडाची मुळं, आणि अर्ध्या तासाने तिची अमेरिकेची राज्यक्रांती तर याचे सण आणि ऋतू. एकीला समजावत असताना दुसरा खोळंबून बसायचा. दुपारपर्यंत माझा आवाज बसलेला असायचा आणि नोंदवहीत निम्मे रकाने रिकामे. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी मधला म्हणाला, "आई, ताईला सांगतेस ते मला पण ऐकायचंय." मी त्याला त्याच्या पुस्तकाकडे परत पाठवलं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

त्या रात्री मी आईला फोन लावला. ती जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवायची. आपल्याकडे हे काही नवल नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरले आहेत, म्हणजे छोट्या गावात पाच इयत्ता आणि दोन खोल्या हेच गणित. आईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, गणित नि वाचन तेवढं ज्याचं त्याचं घे. बाकीचं सगळ्यांना एकत्र सांग आणि काम मात्र ज्याच्या त्याच्या बेताचं दे." तिने पस्तीस वर्षं जे केलं ते दोन वाक्यांत सांगितलं. मी मात्र अमेरिकेत बसून महागडे संच धुंडाळत होते.

गणित पायरीपायरीने चढावं लागतं. भागाकार येत नसताना अपूर्णांक शिकवून उपयोग नाही. सुरुवातीचं वाचनही तसंच. पण इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्र, संगीत यांत अशा पायऱ्या क्वचितच असतात. इजिप्त चौथीतच शिकायचा आणि रोम पाचवीतच, हे कुणीतरी सोयीसाठी ठरवलेलं असतं. इथली बरीच होमस्कूलिंग करणारी घरं इतिहासाचे चार भाग करतात, चार वर्षांत ते फिरून येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आम्हीही गेल्या ऑगस्टमध्ये प्राचीन काळापासून सुरुवात केली. धाकटीला इजिप्त पाचव्या वर्षी भेटला, पुन्हा नवव्या वर्षी भेटेल, मग तेराव्या.

सकाळी नऊ ते साडेदहा आम्ही चौघं एकत्र बसतो. मी वाचते, ती तिघं ऐकतात. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि ऐकलेलं ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगायचं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ही रीत रुजवली आणि इथे त्यांचं नाव फार घेतलं जातं. आम्ही सांगायला नेहमी धाकटीपासून सुरुवात करतो. मोठ्यांनी आधी सांगितलं तर तिच्यासाठी काही उरत नाही. आणि तिचं ऐकून झाल्यावर मोठ्यांना तेच पुन्हा सांगता येत नाही, त्यांना पुढचं शोधावं लागतं.

नाईल नदीचा धडा होता तेव्हाचं सांगते. दरवर्षी पूर येतो, काठावर काळी माती पसरते, तिच्यात धान्य पिकतं, एवढं मी वाचलं. धाकटीने मोठ्या ट्रेमध्ये माती भरली, मधून बोटाने नदी काढली आणि तांब्याने पाणी ओतलं. मधल्याने नकाशा काढायला घेतला आणि तो अडला. "वरचा इजिप्त" नकाशात खाली का? थोड्या वेळाने त्याचं त्यालाच उमगलं की नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे जे उगमाच्या बाजूचं ते वरचं. मग त्याने काचेच्या बरणीत माती कालवून ती खाली कशी बसते ते बघितलं. आधी रेती, तिच्यावर गाळ. थोरलीकडे खुफू राजाचा पिरॅमिड होता. इजिप्तचे लोक उतार मोजायला एक हात उंचीमागे आडवं किती सरकायचं ते धरत. त्यांच्या एका हाताचे सात पंजे, आणि या पिरॅमिडचा उतार साडेपाच पंजे. पाया सुमारे २३० मीटर, म्हणजे निम्मा ११५. तिने त्रैराशिक मांडलं आणि उंची १४६ मीटर काढली. मग पुस्तकात बघितलं तर मूळ उंची तीच निघाली. ती खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात मला सांगायला आली, तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पण त्या आठवड्याला खरी दिशा दिली ती धाकटीने. ट्रेमधलं पाणी संपल्यावर तिने विचारलं, "आणि पूर आलाच नाही तर?" या एका प्रश्नावर आम्ही चार दिवस घालवले. पाण्याची पातळी मोजायला तिथे दगडावर खुणा केलेल्या होत्या आणि पुरावरून पिकाचा अंदाज, पिकावरून कर ठरे, हे थोरलीने शोधलं. मधल्याने अस्वानच्या मोठ्या धरणाबद्दल वाचलं. ते १९७० साली पूर्ण झालं, पूर थांबला, गाळ धरणामागे अडकू लागला आणि शेतकऱ्यांना खतं विकत घेणं भाग पडलं. तीन वेगळे संच चालू असते तर हा प्रश्न धाकटीच्या ट्रेमध्येच विरला असता.

साडेदहानंतर गणित, एकेकाशी आळीपाळीने. ज्याच्याशी मी बसते त्याला कुणी मध्ये बोलवायचं नाही, हा घरातला सर्वांत कडक नियम आहे. बाकीच्यांनी तोवर लिखाण करायचं, अडलं तर तिथे खूण करून पुढे जायचं.

मराठीत मला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. शिकवायला घेतलं तेव्हा थोरली आणि मधला दोघंही मराठी बोलायचे, पण वाचता दोघांनाही येत नव्हतं. तीन वर्षांचं अंतर असूनही दोघं एकाच पायरीवर. बाराखडी एकत्र गिरवली, आणि जोडाक्षरांत मधला ताईच्या पुढे गेला. इंग्रजी वाचनात सतत मागे राहिलेल्या मुलाला पहिल्यांदाच आपण कुणाला तरी सांगू शकतो असं वाटलं. त्यानंतर त्याचं इंग्रजी वाचनही सुधारू लागलं. त्याचं श्रेय मी मराठीला देते. आता धाकटी त्या दोघांच्या मध्ये बसून अक्षरं ओळखते.

यातलं अवघड काय तेही सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात थोरली एकदा रडवेली होऊन म्हणाली, "मी शिकत नाहीये, मी यांना सांभाळतेय." ती खरं बोलत होती. धाकटीला चिकटवून दे, मधल्याचं शुद्धलेखन बघ, असं मी तिला दिवसभर सांगत होते. दुसऱ्याला समजावताना आपलंही पक्कं होतं हे खरं असलं, तरी बारा वर्षांच्या मुलीची ती जबाबदारी नव्हे. आता दुपारचे दीड तास तिच्या एकटीचे. दार बंद, भावंडांना मज्जाव. पुढच्या वर्षापासून विज्ञानही ती वेगळं शिकेल, कारण तिला आता बीजगणितासकट, मोजमापासकट प्रयोग करायचे आहेत. एकत्र अभ्यासक्रमाने आईचे कष्ट वाचतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धडा एकच तयार करायचा असतो, पण त्यातून तीन कामं काढायला रात्रीचा तास जातोच.

मुलांना मित्र कुठून मिळणार, हाही प्रश्न येतो. या राज्यात २००५च्या कायद्याने होमस्कूलिंगच्या मुलांना सरकारी शाळेच्या खेळांत आणि उपक्रमांत भाग घेता येतो. मधला त्यामुळेच फुटबॉल खेळतो.

जूनमध्ये इव्हॅल्युएटर बाई आल्या. त्यांनी दोन्ही फाइली चाळल्या. नाईलचं पान दोन्हींत, एकात नकाशा आणि एकात त्रैराशिक. मग मधल्याला विचारलं, यंदा सर्वांत जास्त काय आवडलं? तो धरणाबद्दल दहा मिनिटं बोलत होता. धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती आणि मध्येच म्हणाली की तो प्रश्न तिचा होता. तिला कायदा अजून लागू नाही, त्यामुळे तिची फाइल नव्हती. ती लवकरच सहा वर्षांची होईल. या वेळी नोटरीकडे मी तीन प्रतिज्ञापत्रं घेऊन जाणार आहे, आणि तिने आतापासूनच ट्रेचा फोटो स्वतःच्या फाइलसाठी बाजूला काढून ठेवला आहे.